ट्रॅक्टरला वजन किती बांधावे? फर्ग्युसनच्या नांगराची हकिकत



उन्हाळी नांगरट सुरू झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, जुना पस्तीसचा ट्रॅक्टर आहे. नांगर जमिनीत गेला की मागची चाकं जागेवरच फिरतात. वजन किती बांधू?"

मागच्या हंगामात असाच एक ट्रॅक्टर पाहायला मी बांधावर गेलो होतो. दोन्ही मडगार्डवर वाळूची पोती बांधलेली, पुढे बंपरवर सिमेंट भरलेला डबा, आणि मागे तीन फाळी नांगर. धनी म्हणाले, "आणखी दोन पोती टाकली तर ओढंल का?" त्यांना मी लगेच उत्तर दिले नाही. आधी एक हकिकत सांगितली, तीच इथे आपणांस सांगतो. कारण आपल्या ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन दांड्या आहेत, खाली दोन आणि वर एक टॉप लिंक, त्या म्हणजे नेमक्या याच प्रश्नाला एका माणसाने दिलेले उत्तर आहे.

बैलाच्या नांगराचे गणित आपणांस शिकवायला नको. हाळीस जुवाला कुठे बांधली यावर फाळ किती खोल जाणार हे ठरते. बांधण्याची जागा थोडी पुढे-मागे केली की नांगर डोके वर काढतो नाहीतर खाली खुपसतो. म्हणजे ओढणारा आणि नांगर यांचा सांधा हीच खरी मख्खी. ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती. ट्रॅक्टर बनवणारे कारखानदार मात्र बरीच वर्षे ती विसरले होते.

सुरुवातीच्या ट्रॅक्टरला नांगर गाडीसारखा मागे जोडीत. नांगराला स्वतःची चाके असत आणि त्याचा भार त्या चाकांवरच पडे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना त्याचा काही उपयोग नाही. मग पकड यावी म्हणून ट्रॅक्टरच जड करायचा, एवढाच उपाय उरे. जड ट्रॅक्टर महाग, तेल जास्त खाणार आणि जमीन दाबून टाकणार.

१९१७ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर निघाला. वजन सुमारे बाराशे किलो, ताकद वीस अश्वशक्तीच्या आसपास आणि किंमत सामान्य शेतकऱ्याला झेपेल अशी. पुढच्या दहा-अकरा वर्षांत तो लाखोंनी खपला. परंतु त्याची एक खोड होती. नांगर एखाद्या दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थांबत, पण इंजिन थांबत नसे. चाक फिरेना, तेव्हा ट्रॅक्टरचे धूडच चाकाच्या आसाभोवती फिरू लागे. पुढची चाके वर उठत आणि ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर येई. त्यात माणसे मेली. पुढे मागची मडगार्ड लांब करण्यात आली, ती जमिनीला टेकून ट्रॅक्टर अडावा म्हणून.

ही शंभर वर्षांपूर्वीची परदेशातली गोष्ट आहे असे समजू नका. आमच्याच भागात बाभळीचा बुंधा ओढताना एकाने साखळी टॉप लिंकच्या खुंटीला बांधली. बुंधा हलला नाही, पुढची चाके मात्र उठली. पोरगा बाजूला उडी मारता मारता पायावर मडगार्ड आले. जीव वाचला, पण तो आजही लंगडतो. साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधावी, मागच्या आसाच्या खाली. आसाच्या वर बांधलेली साखळी ट्रॅक्टरला उताणा पाडते. त्या वेळी मी तिथे नव्हतो, दुसऱ्या दिवशी गेलो. ही एवढी गोष्ट त्याला आम्ही आधी सांगायला हवी होती, असे मला अजून वाटते.

आता आपल्या हकिकतीतला मुख्य माणूस. हॅरी फर्ग्युसन. जन्म १८८४, आयर्लंडच्या उत्तर भागातल्या डाउन परगण्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. शेतीत मन रमेना म्हणून बेलफास्ट शहरात मोटार दुरुस्तीत शिरला. १९०९ च्या अखेरच्या दिवशी त्याने स्वतः बांधलेले विमान उडवून दाखवले. विमानात प्रत्येक शेराचा हिशेब ठेवावा लागतो. मला वाटते, वजन वाढवण्याआधी दहादा विचार करण्याची सवय त्याला तिथेच लागली असावी.

पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली. १९१७ मध्ये आयर्लंडच्या सरकारी शेती खात्याने त्याच्यावर काम सोपवले की गावोगावचे ट्रॅक्टर नीट चालतात का ते पाहावे. विली सँड्स नावाचा हुशार कारागीर सोबत घेऊन तो शेतोशेत फिरला. आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांना हे वाचून बरे वाटते. त्याला टेबलावर बसून काही सुचले नाही, बांधावर उभे राहून सुचले. त्याला दिसले की दोष एकट्या ट्रॅक्टरचा नाही आणि एकट्या नांगराचाही नाही. दोष दोघांच्या सांध्यात आहे.

त्याने आधी चाके नसलेला हलका नांगर केला आणि तो थेट गाडीला अडकवला. मग फोर्डसनसाठी एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी केली. १९२५ साली त्याने पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात पुढची पायरी होती: नांगराची खोली ट्रॅक्टरने आपोआप सांभाळायची. दांड्या कमी-जास्त करत, तेलाच्या दाबाची लिफ्ट बसवत शेवटी आजची तीन दांड्यांची रचना ठरली.

ही रचना काम कशी करते ते नीट समजून घ्या, सगळी गोम इथेच आहे. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा माती फाळाला मागे धरते. त्यामुळे नांगराचे वरचे टोक पुढे झुकू पाहते. ते टोक टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला आसाच्या वरच्या बाजूला पुढे रेटते. या रेट्याने ट्रॅक्टरचे नाक खाली राहते, उठत नाही. दुसरीकडे नांगराचे वजन आणि पलटणाऱ्या मातीचा खाली दाब लिफ्टच्या दांड्यांतून मागच्या चाकांवर येतो. म्हणजे नांगर जेवढा जोराने काम करतो तेवढी चाकाची पकड वाढते. पोते नको, लोखंड नको. काम थांबले की तो भारही गेला. रिकामे फिरताना तो वागवावा लागत नाही.

टॉप लिंकच्या बुडाशी जाड स्प्रिंग असते. माती कठीण लागली की टॉप लिंकचा रेटा वाढतो, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट नांगर किंचित उचलते. माती मऊ लागली की परत खाली सोडते. दगडाला अडकून फारच मोठा धक्का बसला तर लिफ्टचा दाब सुटतो, मागच्या चाकांवरचा भार एकदम कमी होतो आणि चाके जागेवर फिरतात. ट्रॅक्टर उताणा होत नाही. विजेच्या मीटरजवळ फ्यूज असतो ना, तसे ते चाकाचे फिरणे आहे.

१९३३ साली त्याने या जोडणीचा पहिला ट्रॅक्टर काळ्या रंगात उभा केला. १९३६ पासून इंग्लंडच्या डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात तसे ट्रॅक्टर निघू लागले, पण तेराशेच्या आसपासच बनले. किंमत जास्त, शिवाय अवजारे सगळी नवी घ्यावी लागत. १९३८ मध्ये तो ट्रॅक्टर घेऊन फर्ग्युसन अमेरिकेला गेला आणि हेन्री फोर्ड यांच्या शेतावर नांगरट करून दाखवली. दोघांनी कागद न करता नुसता हात मिळवून करार केला. १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे १९४७ ला फोर्ड कंपनीने करार मोडला, खटला झाला आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. बिनकागदी व्यवहाराचे काय होते हे आपणांस वेगळे सांगायला नको.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे त्याचा राखाडी रंगाचा टीई-२० निघू लागला. १९५६ पर्यंत तो पाच लाखांवर बनला. पेटंटची मुदत संपली आणि प्रत्येक कंपनीने तीन दांड्या उचलल्या. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली आणि त्यातूनच मॅसी फर्ग्युसन हे नाव झाले. मद्रासच्या टाफे कंपनीने १९६० नंतर त्याच घराण्याचे ट्रॅक्टर आपल्या देशात बनवले. आपल्या गावात जुना लाल मॅसी असेल तर तो या टीई-२० चा नातू समजा.

आता वजनाकडे या. चाकाला बिडाची वजने लावायची आणि टायरात पाणी भरायचे, ही सोय त्या छोट्या टीई-२० लाही होती. पण नांगर कोणता? सर्रास वापरात होता तो दहा इंची दोन फाळी. ट्रॅक्टरची ताकद पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास. दोन फाळ मिळून रुंदी वीस इंच, खोली सहा इंच धरली तर कापल्या जाणाऱ्या मातीचे तोंड १२० चौरस इंच झाले.

ज्यांच्या बांधावर मी गेलो होतो त्यांचा नांगर बारा इंची तीन फाळी. रुंदी ३६ इंच, खोली नऊ. म्हणजे ३२४ चौरस इंच, पावणेतीनपट. ट्रॅक्टरची ताकद मात्र जेमतेम दीडपट. त्यात आपली काळी जमीन, तीही वाळून दगड झालेली. पोती टाकून चाकाची पकड आली असती तरी तो सगळा ताण क्राउन-पिनियनवर आणि आसावर गेला असता. घसरणारे चाक त्यांना वाचवत होते, आणि ते पोती टाकून फ्यूजला जाड तार बांधत होते.

चाक किती घसरते हे मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे चाला आणि अंतर मोजा. मग त्याच रानात नांगर लावून पुन्हा दहा फेरे. त्यांचे रिकामे अंतर ३८ मीटर भरले, नांगरासह २५. शंभराला चौतीस घसर. दहा ते पंधरापर्यंत चालते. त्यापुढे डिझेल आणि टायर दोन्ही झिजतात. आणि घसर अगदीच नाही असे दिसले तर वजन फाजील झाले असे समजावे.

आम्ही पोती उतरवली. शेजाऱ्यांकडून बारा इंची दोन फाळी नांगर आणला, खोली सात इंच ठेवली. टॉप लिंक फार आखूड केली होती, त्यामुळे फाळ नाक खुपसून चालत होता. ती थोडी लांब केली. मग लिफ्टचे दोन दांडे पाहिले. एक अवजार ठरावीक उंचीवर धरतो, दुसरा ड्राफ्टचा, म्हणजे फर्ग्युसनच्या त्या स्प्रिंगचा. हा दुसरा दांडा त्यांनी ट्रॅक्टर घेतल्यापासून हलवलाच नव्हता. गंजून बसला होता, रॉकेल टाकून सोडवावा लागला. नांगरटीला खोली त्या दांड्याने लावली आणि पुन्हा दहा फेरे मोजले. ३३ मीटर. घसर तेरा.

सिमेंटचा डबा मात्र मी काढू दिला नाही. आजचे पलटी नांगर तीनशे-चारशे किलोपर्यंत जड असतात, फर्ग्युसनच्या साध्या नांगरासारखे हलके नाहीत. तासाच्या टोकाला नांगर उचलला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. त्यासाठी पुढे थोडे वजन हवेच. फक्त ते डब्यात डुगडुगणारे नको, बोल्टने घट्ट बसवलेले हवे.

एवढे करूनही घसर पंधरावर राहिली तरच मागच्या टायरात पाणी भरावे. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे टायरचे पाऊण पोट भरेल इतके. अशा टायरात शंभर ते दीडशे लिटर मावते, तेवढेच किलो वजन वाढते. थंड मुलुखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियमचे मीठ घालतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, उलट रिम गंजते. गोडे पाणी घालावे. खाऱ्या विहिरीचे घालू नये. पेरणीच्या आधी ते काढून टाकावे, कारण वाफशावर आलेल्या रानात तेच वजन माती दाबते.