डीबगरची ट्रेस वायर (एसडब्ल्यूओ) नेमकी कुठे जोडायची?

कोथरूडमधली खोली, टेबलावर ब्लू पिल बोर्ड, तापकीर गल्लीतून आणलेला स्वस्त एसटी-लिंक आणि चार जंपर वायर. कोड चढतो, ब्रेकपॉइंट लागतो, पण ट्रेसची विंडो कोरीच. माझे दोन रविवार यात गेले. कोड बरोबर होता, पाचवी वायरच जोडलेली नव्हती!

आधी बघू, ट्रेस हवाच कशाला? यूआर्टवर ११५२०० बॉडने एक अक्षर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ३० अक्षरांची ओळ अडीच मिलिसेकंदांहून जास्त वेळ खाते. तेवढ्यात इंटरप्टचं टायमिंग बदलतं आणि शोधत असलेला बगच गायब होतो. कॉर्टेक्स-एम३, एम४ मधलं आयटीएम हेच मेसेज एका पिनवरून खूप कमी वेळात बाहेर टाकतं. एम० आणि एम०+ मध्ये ही सोयच नाही, तिथे शोधत बसू नका.

आता वायरिंग. ब्लू पिलच्या चार पिनांच्या हेडरवर ३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ (पीए१३) आणि एसडब्ल्यूसीएलके (पीए१४) मिळतात. एसडब्ल्यूओ तिथे नाही. तो पीबी३ वर, म्हणजे बाजूच्या रांगेतल्या 'बी३' पिनवर. ही वायर डीबगरच्या एसडब्ल्यूओ पिनला जाते. गोची अशी की बहुतेक स्वस्त क्लोनमध्ये ही पिन बाहेर काढलेलीच नसते. 'स्विम' लिहिलेली पिन दिसते, पण ती एसटीएम८ साठी आहे, फसू नका. न्यूक्लिओ-६४ बोर्डवर मात्र पीबी३ आधीच जोडलेला येतो, म्हणून शिकायला तोच घ्या. वायर वीतभरापेक्षा लांब नको, आणि ग्राउंड विसरू नका.

वायर लावूनही कचरा अक्षरं येत असतील तर क्लॉक तपासा. चिप ७२ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर टूलमध्येही ७२ च हवं. एसटी-लिंक व्ही२ ची मर्यादा २ मेगाबिट प्रति सेकंद आहे. आणि पीबी३ तुम्हीच एसपीआयला दिला असेल, तर ट्रेस येणार कुठून?

प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा माग हवा असेल तर ईटीएम आणि पाच पिनांचा पॅरलल ट्रेस लागतो: पीई२ वर क्लॉक, पीई३ ते पीई६ वर डेटा. ब्लू पिलच्या ४८ पिनांच्या चिपमध्ये त्या पिना नाहीतच. शिवाय तिथे जंपर वायरचा जुगाड चालत नाही. पीसीबीवर सारख्या लांबीचे आखूड ट्रॅक लागतात, आणि डीबगरही महागातला.