केळुसकर गुरुजी कोणाचे लाइफ कोच होते?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत अलीकडे 'लाइफ कोच' हा शब्द वारंवार कानावर येतो. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आलेला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, प्रॉब्लेम माझ्या माइंडसेटमध्ये आहे. सरांनी सांगितलं." हे सर म्हणजे ऑनलाइन भेटणारे एक लाइफ कोच. त्यांच्या कोर्सची फी भरायला मुलाच्या आईने बचत गटातून कर्ज काढले. आई चार घरची धुणीभांडी करते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात. सरांनी त्याला पहाटे चारला उठून आरशासमोर उभे राहायचे आणि 'मी विजेता आहे' असे म्हणायचे, असा नियम घालून दिला होता. आरशासमोरच्या जागेत त्याची धाकटी भावंडे झोपतात.

आम्ही त्या मुलाला हसलो नाही. तुम्हीही हसू नका. त्याची गरज खरी आहे. सवर्ण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला कोणता अभ्यासक्रम घ्यावा, मुलाखतीला काय बोलावे, नोकरी गेली तर कोणाला फोन करावा, हे सांगायला मामा, काका, शेजारचे साहेब, बाबांचे मित्र असतात. त्याच्या घरात पाच-सहा कोच फुकट बसलेले असतात. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्याकडे पहिल्या पिढीतला शिकणारा मुलगा एकटा असतो. जे इतरांना जातीने फुकट मिळते, ते तो कर्ज काढून विकत घ्यायला निघतो. म्हणून मार्गदर्शक हवा की नको, हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही. मार्गदर्शक कसा हवा, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

कोच आला कुठून?

'कोच' हा शब्द मूळचा घोडागाडीचा. हंगेरीतल्या कोच नावाच्या गावात बनणाऱ्या गाड्यांवरून तो युरोपभर पसरला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या विद्यापीठांत परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला विद्यार्थी गमतीने 'कोच' म्हणू लागले. पुढे तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. १९७४ साली टिमथी गॉलवे यांनी टेनिसवर पुस्तक लिहिले आणि खरा प्रतिस्पर्धी खेळाडूच्या मनातच असतो, असा विचार मांडला. हा विचार मोठ्या कंपन्यांनी उचलला. १९९२ साली अमेरिकेत थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने कोच तयार करणारी संस्था काढली, आणि १९९५ मध्ये या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

त्याआधीची एक परंपराही लक्षात घ्या. सॅम्युअल स्माइल्सचे स्वावलंबनावरचे पुस्तक १८५९ चे. नेपोलियन हिलचे 'विचार करा आणि श्रीमंत व्हा' हे पुस्तक १९३७ चे. महामंदीने अमेरिकेत लाखो लोकांच्या हातचे काम काढून घेतले होते, त्या काळात हे पुस्तक आले. कारखाना का बंद पडला, हे विचारण्याऐवजी माणसाने स्वतःच्या विचारांत खोट शोधावी, ही त्यातली शिकवण. आज आपल्या मुलांच्या मोबाइलवर येते ती हीच शिकवण, मराठी बोलीत.

चर्नी रोडची बाग

आता मुंबईत या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. परळच्या चाळीत जागा नाही म्हणून एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यायचे. त्यांनी मुलाची चौकशी केली, मग पुस्तके द्यायला सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या 'टॉपर' संस्कृतीत या गुणांचा कोणी फ्लेक्स लावला नसता. पण अस्पृश्य मुलगा मॅट्रिक होणे ही ऐतिहासिक घटना होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, असे धनंजय कीर लिहितात. बाबासाहेबांची स्वतःची आठवण थोडी वेगळी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी एक प्रस्तावना लिहिली होती. ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. त्यात ते हा प्रसंग इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा सांगतात आणि त्या सभेचे अध्यक्ष केळुसकरच होते, असे म्हणतात. इयत्ता कोणतीही असो, पुस्तक तेच आणि देणारे हातही तेच.

त्याच प्रस्तावनेत एक संवाद आहे. तो प्रत्येक तरुणाने वाचावा. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना विचारले, आम्हाला रामायण-महाभारतच का वाचायला लावता? रामजीबाबांनी प्रामाणिक उत्तर दिले. आपण अस्पृश्य आहोत, तुझ्या मनात न्यूनगंड येऊ शकतो, तो जावा म्हणून. द्रोण आणि कर्ण बघ, लहान स्थितीतून किती वर चढले! वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे भीमरावांना कळत होते. तरी त्यांचे समाधान झाले नाही. महाभारतातली माणसे त्यांना पटली नाहीत.

इथे थांबून विचार करा. रामजीबाबांचे प्रेम अस्सल होते, मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी हाडाची काडे केली. पण त्यांच्या हाताशी असलेला उपाय प्रेरणेचा होता: वर चढलेल्या एकट्या माणसाची गोष्ट सांगा म्हणजे मुलाला बळ येईल. आजचा लाइफ कोच हीच गोष्ट सांगतो, फक्त कर्णाच्या जागी एखादा उद्योगपती असतो. केळुसकरांच्या पुस्तकाने वेगळे काही दिले. तू कमी नाहीस, एवढे सांगून बुद्ध थांबत नाही. माणसाला कमी ठरवणाऱ्या व्यवस्थेकडे चिकित्सेने बघायला तो शिकवतो.

आणि केळुसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबायची वेळ आली तेव्हा ते भीमरावांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यातून बी.ए. झाले, पुढे १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठाचा रस्ता उघडला. मुलातली गुणवत्ता ओळखणे, त्याला विचार देणे आणि बंद दार स्वतः जाऊन ठोठावणे, ही तिन्ही कामे गुरुजींनी एक रुपया फी न घेता केली.

बडोद्याने काय शिकवले?

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबियाची एम.ए., लंडनमधले शिक्षण, महाराजांचा आधार, सगळे पाठीशी होते. आत्मविश्वास, ध्येय, शिस्त, वेळेचे नियोजन यातले त्यांच्याकडे काय कमी होते? तरीही राहायला घर मिळेना. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्राने घरात घ्यायचे टाळले. कमाठी बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पुढे केळुसकरांनी बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकाकडे सोय करण्याची खटपट केली, तिथूनही नकार आला.

उत्तम मार्गदर्शक आणि उत्तम विद्यार्थी एकत्र येऊनही जातीची भिंत पडली नाही, कारण ती भिंत बाबासाहेबांच्या मनात नव्हती, बडोद्याच्या घराघरांत होती. अशा माणसाला 'माइंडसेट बदला' म्हणणे म्हणजे ज्याला मारले त्यालाच दोषी धरणे.

जानेवारी २०१६ मध्ये आपण रोहित वेमुला गमावला. हॉस्टेलमधून बाहेर काढलेला, सात महिन्यांची फेलोशिप थकलेली. त्याला कमतरता प्रेरणेची होती काय?

बाबासाहेब मार्गदर्शक झाले तेव्हा

बडोद्याचा धडा बाबासाहेबांनी पक्का गिरवला. एकेका हुशार मुलाला शोधून वर ओढणे पुरेसे नाही, त्यांना कळले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. मुलाला वाचायला जागा नाही ना? मग जागा उभी करा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. आज आपण घेतो त्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ ची, याच काळातली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. केळुसकरांनी एका भीमरावासाठी जे केले, ते बाबासाहेबांनी लाखोंसाठी हक्काचे केले.

मग कोचकडे जायचेच नाही का?

आमचे म्हणणे असे टोकाचे नाही. चांगला कोच नीट ऐकतो, योग्य प्रश्न विचारतो, मोठ्या कामाचे छोटे टप्पे करून देतो, ठरवलेले केले का ते विचारतो. नोकरीत बढतीची तयारी करायची असेल, मुलाखतीचा सराव हवा असेल, तर त्याचा उपयोग होतो. ऐपत असेल तर जरूर जा. पण जाण्याआधी काही गोष्टी तपासा. या व्यवसायाला आपल्या देशात सरकारी परवाना लागत नाही, उद्या कोणीही पाटी लावू शकतो. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोचकडे नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात कसलीही लाज नाही. आणि कोचला एक प्रश्न नक्की विचारा: "माझ्या अडचणीत जात आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?" तो म्हणाला की जातबित मनातून काढून टाक, तर उठून या.

बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. चालायचे आपणच. द्रोणाचार्यांनी न शिकवताच एकलव्याचा अंगठा मागितला, तशा गुरूंची परंपरा आपली नाही.

शेवटचे बोलणे आमच्यासारख्या नोकरीत स्थिरावलेल्यांशी. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल खंत व्यक्त केली, ती आपल्याबद्दल होती. आपण वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेलो, म्हणून त्या मुलाला कर्ज काढून कोच शोधावा लागला. त्या संध्याकाळी आम्ही त्याचे दोन्ही वर्षांचे निकाल मांडून बसलो. माइंडसेट ठीक होता, गणित कच्चे होते. बँकेत नोकरी करणारा आमचा एक मित्र आता रविवारी त्याला गणित शिकवतो. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी ठेवावी म्हणून आम्ही नगरसेवकाकडे निवेदन दिले आहे. तुमच्या वस्तीत चर्नी रोडची बाग कुठे आहे, ते शोधा, आणि आठवड्यातला एक तास तिथे जाऊन बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!