१. तुतोरा

आयव्हरी कोस्टच्या कोको पट्ट्यातला जमिनीचा रिवाज. बुर्किना फासोहून किंवा देशाच्याच उत्तर भागातून आलेल्या परक्याला गावातला जमीनधारक रान कसायला देई आणि त्याचा पालक होई. सुगीला थोडं धान्य, पालकाच्या घरी मयत झालं तर अंत्यविधीला हातभार, हीच परतफेड. ‘कूळ’ हा शब्द म्हणूनच मी मुद्दाम टाळला आहे. खंड देऊन हे ऋण फिटत नाही. घोळ पुढच्या पिढीत होतो. पालक वारला की त्याचा मुलगा विचारतो, जमीन दिली होती की नुसती कसायला? कागद बहुधा नसतोच. १९९८च्या कायद्याने ग्रामीण जमिनीची खासगी मालकी आयव्हरियन नागरिकांपुरतीच ठेवली. कोकोची झाडं मात्र परक्यानेच लावलेली असतात.