मोडण्याआधी ऐकावे



हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकावरून आपण अनेकदा गेला असाल. त्या नावातली ‘ग्रीन’, म्हणजे हिरवळ, मुळात इथली नाही. कोटात टाऊन हॉलसमोर, आज हॉर्निमन सर्कल आहे त्या मोकळ्या मैदानावर पूर्वी कापसाच्या गाठी रचल्या जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीच्या भराव जमिनीवर आला. बाजाराबरोबर नावही आले आणि नव्या जागी रुजले.

या भागात नावासारखेच घरांचे सामानही पुन्हा वापरात येत राहिले. लालबाग, परळ, गिरगावातल्या जुन्या चाळी सागवानी खांब, तुळया आणि कड्यांवर उभ्या होत्या. मधल्या भिंती विटांच्या आणि वर मंगलोरी कौले. अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. दुरुस्तीत कुजलेली तुळई काढून लोखंडी गर्डर बसवला, की निघालेल्या लाकडाचा चांगला भाग कापून विकला जाई. त्याच्या चौकटी होत, दारे होत, देव्हारेही होत. जुने सागवान पुरते वाळलेले असल्याने सहसा वाकत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळतेच. कॉटन ग्रीनशेजारच्या दारूखान्यात तर मोडलेल्या जहाजांच्या लोखंडा-लाकडाचाही बाजार होता.

आता विटेचे पाहा. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असत. चुना विटेपेक्षा मऊ. त्यामुळे जपून उतरवली तर वीट अखंड सुटते, चुना खरवडून ती पुन्हा लावता येते. सिमेंटची पकड अनेकदा विटेपेक्षा कठीण असते, म्हणून सिमेंटची भिंत पाडताना वीटच फुटते आणि तिचा फक्त राडारोडा होतो. पुंडलिकाने देवासाठी नवी वीट भाजून घेतली नव्हती. हाताशी होती तीच पुढे केली. आपण वारकरी तरी विटेला टाकाऊ कसे म्हणणार?

अर्थात सगळेच जुने चांगले नसते. खारट ओल मुरलेली वीट आणि वाळवीने पोखरलेली तुळई भार घेणार नाही. म्हणून जाणता गवंडी दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर वाजवतो आणि ऐकतो. खणखणीत वाजली ती पक्की, बद वाजली ती बाजूला.

ढिगाऱ्याजवळ बसून ऐकण्याची एक आठवण आपल्या संप्रदायातही आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबारायांसह मजूर गाडले गेले. शके १२६० चा, म्हणजे इ.स. १३३८ चा हा प्रसंग. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवरायांनी त्या पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. त्या समाधीपुढे माथा टेकवताना हेही ध्यानात ठेवावे, की भिंत बांधताना आणि पाडताना आधी जीव जपायचा तो मजुराचा. वीट वाचवायची म्हणून माणूस कच्च्या भिंतीखाली उभा करायचा नाही.

पंढरीचे अलीकडचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या संवर्धनाचे काम झाले. मागाहून बसवलेल्या फरश्या आणि इतर आवरणे काढली, तेव्हा आतला मूळ पाषाण दिसू लागला. जीर्णाचा उद्धार तो जीर्णोद्धार. जीर्णाची हकालपट्टी केली तर त्याला हे नाव शोभत नाही.

आणि हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. कॉटन ग्रीन, काळाचौकी, लालबागमध्ये गोदीत, गिरणीत, माथाडीत घाम गाळणाऱ्या कितीतरी माळकऱ्यांनी गावाकडच्या विठ्ठल मंदिरासाठी पै-पै करून वर्गणी पाठवली. त्या पैशातून अनेकदा पिढ्यान्‌पिढ्यांची कीर्तने ऐकलेला लाकडी सभामंडप उतरवला जातो, वर स्लॅब पडतो, भिंतींना चकचकीत फरशी लागते आणि कोरीव खांब सरपणाच्या भावात जातात. वर्गणी देणाऱ्याची श्रद्धा खरीच असते. पण पाडायच्या आधी काय ठेवायचे, हे त्याला कोणी विचारत नाही.

तेव्हा माउली, आपल्या मंडळात असा ठराव येईल तेव्हा एवढे सुचवा. आधी जाणत्या अभियंत्याकडून इमारत तपासून घ्यावी. मग खांब, तुळया, दारे, कौले, दगडी पायऱ्या यांची यादी करून पक्के ते क्रमांक घालून उतरवावे आणि जमेल तिथे पुन्हा लावावे. भार न घेणाऱ्या विटा पारासाठी, ओट्यासाठी कामी येतात. मोठ्या कामांत विटा, काँक्रीट, लोखंड, लाकूड वेगवेगळे ठेवावे, असे २०१६ च्या केंद्राच्या नियमांतही सांगितले होते. एखादा खांब मंडपात बसलाच नाही, तर त्याची वीणा ठेवायची घडवंची करावी. कीर्तन ऐकलेले लाकूड कीर्तनातच राहील.