अर्ध्या टक्क्याचा फरक

पदार्थ ओळखायचा तर त्याची घनता मोजावी, असे आपण वर्गात शिकवतो. उत्तर तक्त्याशी जुळले की ओळख पटली, असे मुले धरून चालतात. पण ते जुळलेच नाही तर? इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांच्यापुढे १८९२ साली हाच पेच उभा राहिला.

रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड व बाष्प काढून उरलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात सरासरी २.३१०२ ग्रॅम भरे. अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात २.२९९० ग्रॅमच भरे. फरक सुमारे ११ मिलिग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा!

तो प्रयोगातील चूक म्हणून सोडून देता आला असता. रॅले यांनी तसे केले नाही. वायूत मुद्दाम हायड्रोजन मिसळून तो नेहमीच्या शुद्धीकरणातून नेला. वजन बदलले नाही. हलका नायट्रोजन आठ महिने साठवून ठेवला. घनता तीच राहिली. मग हवेतील नायट्रोजनमध्येच काही जड मिसळलेले असेल काय?

विल्यम रॅम्झी यांनी हा नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन शोषून घेते. तरीही थोडा वायू उरलाच. हायड्रोजनची घनता १ मानली तर नायट्रोजनची १४, आणि या वायूची सुमारे २० आली.

पण एवढ्याने ओळख पटली नाही. नायट्रोजनचे तीन अणू जोडून रेणू बनला, तर त्याची घनता २१ येईल. हा वायू तसाच असावा, अशी शंका काहींनी घेतली. तेव्हा इतर गुणधर्मांची साक्ष काढावी लागली. वर्णपटात कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणाऱ्या रेषा दिसल्या. वायूतील ध्वनीच्या वेगावरून विशिष्ट उष्मांचे गुणोत्तर सुमारे १.६६ निघाले, म्हणजे रेणू एकाच अणूचा आणि अणुभार ४० च्या आसपास. जानेवारी १८९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सविस्तर निबंध वाचला गेला. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून अरगॉन हे नाव मिळाले. कोरड्या हवेत तो आकारमानाने सुमारे ०.९३ टक्के असतो.

घनतेने संशय दाखवला. ओळख पटली ती अनेक गुणधर्म एकत्र तपासल्यावर. वर्गात दोन गटांच्या घनता पुनःपुन्हा वेगळ्या आल्या, तर ‘चुकले’ म्हणण्याआधी नमुने कोठून आणले, हे मुलांना जरूर विचारावे.