परधानांचा बाना

जबलपूरचा मदनमहाल पाहावयास जाणारा मराठी प्रवासी त्या टेकडीवरून जुना गढा न्याहाळतो आणि राणी दुर्गावतीचे १५६४ मधील मरण आठवून परत फिरतो. गोंड राजांच्या कथा ज्यांनी कंठगत ठेवल्या, ते परधान मात्र त्याच्या ध्यानी येत नाहीत. गढा-मंडल्याचे हे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांनी संपविले. ही आठवण आपणांस फारशी सुखावह नाही. राजे गेले, परंतु परधानाचे यजमान गावोगावचे गोंड होते. म्हणून गाणे उरले.

बाना हे गजाने वाजवावयाचे वाद्य. कोरलेले लाकूड, त्यावर कातडे, घोड्याच्या केसांच्या तारा. साजाच्या झाडात वसणाऱ्या बडादेवास त्याच्या नादाने जागे करावयाचे, हे त्याचे प्रयोजन. स्वर घोगरा, कथन कोठे संपते व गाणे कोठे सुरू होते ते सांगता येऊ नये, तीच सुरावट फिरून फिरून येते आणि ऐकणाऱ्यास वेळेचे भान राहत नाही. अब्दुल करीमखाँच्या स्वरावर पोसलेला आपला कान यास ‘अपरिष्कृत’ म्हणून मोकळा होतो. मला हा निवाडा मान्य नाही. देवास जागविणारा स्वर गुळगुळीत असावा, असा आग्रह कशासाठी? १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-स्कॉटलंडातील काही तरुण गायकांनी, ‘इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’ हे त्यांतले ठळक नाव, असाच ओबडधोबड, तंद्री लावणारा लोकस्वर जाणूनबुजून पत्करला. त्यांचा तो यंत्रयुगाविरुद्धचा पवित्रा होता. परधानास असा पवित्रा घेण्याचे कारणच नव्हते. त्याची मोहिनी निराळी आहे ती यामुळेच.

१९३२ मध्ये व्हेरियर एल्विन यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे आलेले शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ. उभयतांचा मैकल टेकड्यांतील गीतांचा संग्रह १९४४ चा, हिवाळे यांचा परधानांवरील ग्रंथ १९४६ चा. दोन्ही इंग्रजीत. ज्यांच्या सुभेदारांनी ते राज्य बुडविले, त्यांच्यापैकीच एकाने त्याच्या भाटांची वाणी टिपून ठेवावी, हा योग लहान नव्हे. परंतु छापील पानावर शब्द आले, गजाची घासट आली नाही. आणि इंग्रजी पद्याच्या ओघात मूळचा खडबडीतपणाही बराच निवळला.

हिवाळे पुढे पाटणगढला राहिले. त्याच गावच्या परधान कुळातील जनगढसिंह श्याम १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनामुळे चित्रकार म्हणून जगास ठाऊक झाले. २००१ मध्ये जपानात त्यांचा अंत झाला. त्यांच्या शैलीची चित्रे आज दूरदेशीच्या दालनांतून टांगलेली आहेत. यजमानाच्या अंगणात बाना घेऊन येणारा परधान मात्र विरळा झाला आहे.