पॉयझनव्हिल : खाणीतून वर आलेली रहस्यकथा

अर्नाळकरांचा झुंजार आपण फुटपाथवरून आणून वाचला. अमेरिकेतल्या डॅशिएल हॅमेटचा हेर निराळा. बुटका, जाडा, थकलेला. त्याला नावसुद्धा नाही. हॅमेटची शाळा लहानपणीच सुटली. १९१५ साली तो पिंकर्टन या हेर कंपनीत चिकटला. तिचा एक मोठा धंदा मालकांचे संप फोडून देण्याचा. १८९२ ला होमस्टेडच्या पोलाद कामगारांवर तिनं तीनशे बंदूकवाले धाडले होते. म्हणजे ही सडकी व्यवस्था हॅमेटनं तिचाच पगार खाऊन बघितली.

मोंटानातलं ब्युट हे तांब्याच्या खाणींचं शहर. ८ जून १९१७ ला तिथल्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागली. १६८ माणसं मेली. काही प्रेतं सिमेंटच्या भिंतींशी सापडली. भिंतीत कायद्यानं दार हवं होतं, ते ठेवलंच नव्हतं. संप पेटला. फ्रँक लिटल हा आय. डब्ल्यू. डब्ल्यू. युनियनचा संघटक मोडक्या पायानं, कुबड्या घेऊन तिथं आला. १ ऑगस्टच्या पहाटे बुरखेवाल्यांनी त्याला खोलीतून उचललं आणि रेल्वेच्या पुलाला टांगलं. एकालाही सजा नाही. या खुनासाठी हॅमेटला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असं त्याची मैत्रीण लिलियन हेलमन हिनं लिहिलंय. खरं की खोटं, यावर अभ्यासक भांडतात.

पण १९२९ च्या 'रेड हार्वेस्ट'मध्ये ब्युटचा धूर आहेच. शहर पर्सनव्हिल, लोकांच्या तोंडी पॉयझनव्हिल. खाण, बँक, पेपर सगळं म्हाताऱ्या एलिहू विल्सनचं. संप मोडायला त्यानं गुंड आणले. संप मोडला, पण गुंड गेलेच नाहीत. गाव वाटून घेऊन बसले, पोलीसप्रमुख त्यांच्यातलाच. हेर त्यांना एकमेकांवर घालतो. मुडद्यांवर मुडदे पडतात आणि त्याला स्वतःच्याच रक्ताच्या चटकेची भीती वाटायला लागते. शेवटी गुंड संपतात, लष्कर येतं, आणि शहर परत कुणाच्या हातात? त्याच म्हाताऱ्याच्या! हा शेवट मला पटतो. खटकतं ते दुसरंच : युनियनचा माणूस सुरुवातीला सगळा इतिहास सांगतो नि बाजूला पडतो. खाणीत उतरणारा माणूस कथेत दिसतच नाही.

हॅमेट पुढं कम्युनिस्टांत गेला. काळ्यांचे खटले लढवणाऱ्या सिव्हिल राइट्स काँग्रेसच्या जामीन फंडाचा तो विश्वस्त होता. १९५१ साली कोर्टानं देणगीदारांची नावं मागितली. एकेकाळच्या या खबऱ्यानं तोंड उघडलं नाही. सहा महिन्यांची सजा झाली. जेलमध्ये त्याला संडास साफ करायचं काम होतं.